वायर जाते कुठे?

वायरलेस इअरबड फोडून पार तळापर्यंत गेलं, तर शेवटी हाताला लागते ती वायरच. केसासारखी बारीक तांब्याची तार, तिची गोल गुंडाळी, ती गुंडाळी चिकटवलेला एक पातळ प्लास्टिकचा पडदा आणि मागे छोटंसं चुंबक. दोनशे रुपयांच्या वायरवाल्या इअरफोनमध्येही हेच असतं आणि वीस हजारांच्या हेडफोनमध्येही बहुतेक वेळा हेच. तारेतून वीज वाहिली की गुंडाळी चुंबकाकडे ओढली जाते, उलटी वाहिली की दूर ढकलली जाते. तिच्याबरोबर पडदा हलतो आणि पडद्याबरोबर हवा. वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते हे मायकेल फॅरडेनं लंडनमध्ये १८२१ साली दाखवलं होतं. दोनशे वर्षं झाली, त्या चुंबकाशी आपली सोयरीक तुटलेली नाही.

या पडद्याकडून आपण काय काय करून घेतो बघा. डग्ग्याचा घुमारा म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास हेलकावे. बासरीचा वरचा सूर म्हणजे हजाराहून जास्त. झांजेची किणकिण त्याच्याही कितीतरी पुढे. हे सगळे हेलकावे, सगळी वाद्यं आणि वर गाणाऱ्याचा श्वास, एकच पडदा एकाच वेळी हलून उभा करतो. त्याचा व्यास बोटाच्या नखाएवढा आणि हालचाल साध्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकी थोडी.

तेव्हा वायर घ्यावी की वायरलेस, हा प्रश्न या पडद्यापर्यंत वीज कशी पोचवायची एवढाच आहे. आणि खिशात जेमतेम हजार रुपये असतील, तर त्यातले किती या पोचवण्यात खर्च होतात आणि किती खुद्द पडद्यासाठी उरतात, हे बघण्यासारखं आहे.

वायरवाल्याचा हिशेब सरळ आहे. गाण्याच्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप आणि ती लहर थोडी मोठी करणारा अँप्लिफायर दोन्ही फोनमध्येच असतात. त्यांचे पैसे फोन घेतानाच दिलेले असतात. इअरफोननं फक्त ती लहर वाहून न्यायची. ताकद तरी किती लागते? साधारण इअरफोनला एक मिलिवॅट मिळाला तर तो शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतो, म्हणजे कानाला फार वेळ सोसवेल त्याहून जास्त. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा घ्या आणि त्याच्या विजेचे नऊ हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिवॅट. कानाची कमाल याहूनही मोठी. अगदी ऐकू येईल न येईल अशा आवाजाला कानाचा पडदा जेवढा हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी भरतं.

इतक्या थोड्या विजेवर काम भागवणारा हेडफोन घडला तोही स्वयंपाकघरात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविननं १९१० साली आपला नमुना अमेरिकी नौदलाला पाठवला. बिनतारी यंत्रावर ऐकत बसणाऱ्या नौदलाला तो पसंत पडला आणि मागणी आली. तेव्हा कळलं की हा गृहस्थ स्वयंपाकघरात बसून एका वेळी दहाच जोड बनवू शकतो! वायरच्या टोकाची पिन तर त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका एका भोकातली पिन काढून दुसऱ्या भोकात खुपसत आणि दोन गावांची गाठ घालून देत. ती पाव इंची पिन आकसून साडेतीन मिलिमीटरची झाली आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनबरोबर जगभर लोकांच्या खिशात गेली.

आता वायरलेसकडे. इथे मात्र थक्क होऊन थोडं थांबावं लागतं.

फोनमधलं गाणं आधीच आकसून साठवलेलं असतं. फोन ते उलगडतो आणि लगेच पुन्हा आकसतो, कारण हवेतून एवढा माल पाठवणं परवडत नाही. सीडीवरच्या संगीताला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथच्या प्रत्येक हेडफोनला जी पद्धत यावीच लागते, त्या एसबीसीत ते साधारण ३२८ किलोबिटांवर आणतात, कधी त्याहूनही खाली. म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त माहिती वाटेत टाकून दिली जाते आणि तरी आपल्याला गाणं जवळपास पूर्ण ऐकू येतं. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही, या दुबळेपणावर सगळी मदार असते. एसबीसी आवाजाचे आठ पट्टे पाडते, ज्या पट्ट्यात जोर आहे त्याला जास्त बिट देते आणि बाकीच्यांची बोळवण करते.

मग हे आकडे रेडिओलहरींवर निघतात. ब्लूटूथच्या वाट्याला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आलाय. तोच पट्टा घरातल्या वायफायचा, शेजाऱ्याच्या वायफायचा आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचाही. या गलबल्यात ब्लूटूथ एका जागी उभंच राहत नाही. पट्ट्याच्या ७९ वाटा केलेल्या असतात आणि फोन व बड दोघंही आधी ठरलेल्या क्रमानं सेकंदाला १६०० वेळांपर्यंत वाट बदलू शकतात. कुठल्या डब्याला गर्दी असते हे मुरलेल्या लोकलप्रवाशाला जसं ठाऊक असतं, तशा गजबजलेल्या वाटा कोणत्या हे ओळखून ते त्या टाळतातही. अशा उड्या मारत संदेश पाठवण्याचं एक पेटंट हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांनी १९४२ साली मिळवलं होतं. पाणतीराला दिलेल्या सूचना शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून त्यांनी पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ वाटा कल्पिल्या होत्या. ‘ब्लूटूथचा शोध तिनं लावला’ असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते खरं नाही. ते स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत १९९४ पासून आकाराला आलं. पण उड्यांची कल्पना दोन्हीकडे आहे.

ब्लूटूथच्या या लहरींना पाणी आवडत नाही आणि आपलं शरीर बरंचसं पाण्याचंच. फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवला की स्वस्त बड मधेच अडखळतात, ते यामुळे. खिसा बदलून बघावा, पैसे लागत नाहीत.

मला सगळ्यात जास्त अचंबा वाटतो तो मात्र दोन बडांच्या जोडीचा. आवाज कुठून आला हे आपण दोन्ही कानांवर तो पोचण्यातल्या फरकावरून ओळखतो आणि तो फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा असला तरी मेंदूला कळू शकतो. आता डाव्या बडात एक घड्याळ, उजव्यात दुसरं. मधे डोकं. दोघांना जोडणारी एकही तार नाही. तरी गायिका बरोबर कपाळाच्या मध्यावर उभी राहून गाते, कारण दोन्ही बड आपापली घड्याळं सतत एकमेकांशी जुळवून घेत असतात. हे सगळं हजार रुपयांत!

विलंब मात्र चुकत नाही. आकसणं, पाठवणं, हरवलं तर पुन्हा मागवणं, साठवणं, उलगडणं, यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. हवेतला आवाज तेवढ्या वेळात सुमारे ६८ मीटर जातो. म्हणजे बड कानात असतात, पण गायक ६८ मीटरवर असावा इतका उशीर. सिनेमा बघताना फोन चित्रच थोडं मागे ठेवतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. गेममध्ये तसं करता येत नाही. गोळी आधी सुटते, आवाज मागून येतो. कीबोर्ड किंवा ॲपवरची हार्मोनियम वाजवून बघा, वेड लागेल. वायरमधून विजेची लहर इतकी झटकन जाते की तिथला विलंब मोजण्यातही अर्थ नाही.

तर त्या हजाराच्या डबीत काय काय भरलं गेलं? दोन रेडिओ, दोन चिपा, दोन अँप्लिफायर, किमान दोन माइक, चार्जिंगची सोय आणि तीन बॅटऱ्या. यातून जे उरलं ते पडद्याला आणि चुंबकाला. वायरवाल्यात जवळपास सगळा पैसा पडद्यापाशीच जातो. एकाच किमतीला दोन्ही घेतले तर वायरवाला बहुधा चांगला वाजतो, त्याचं कारण इतकं साधं आहे.

बॅटरीचं दुखणं वेगळंच. बडमधल्या बॅटरीची क्षमता फोनच्या बॅटरीच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी असते. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरून रिकामी झाली की थकू लागते आणि एवढीशी बॅटरी रोज, कधी दिवसातून दोनदा रिकामी होते. दोनेक वर्षांत चार तासांचे दोन तास होतात. बड डिंकानं बंद केलेला, बॅटरी बदलायची सोय नाही. एकच बड घालून फोनवर बोलायची सवय असेल तर तो दुसऱ्याच्या आधी म्हातारा होतो आणि जोडीचा उपयोग संपतो.

वायरही काही अमर नाही. ती मरते ती ठरलेल्या जागी, पिनपाशी नाहीतर जिथून ती दोन कानांकडे फुटते तिथे. रोज तिथेच वाकते म्हणून. फरक एवढाच, की पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला नवी पिन मिळते आणि सोल्डर मारणारा हातही. शिवाय हजार-दीड हजारात आता असे इअरफोन मिळतात, ज्यांची वायर कानापाशी निघते. तुटली तर नुसती वायर बदलायची. माझा जीव या प्रकारावर आहे.

वायरचा एक गुण तर आपण विसरूनच गेलोय. फोनवर एफएम रेडिओ लावला की ‘इअरफोन जोडा’ अशी सूचना येते. फोनला त्या वायरची अँटेना करायची असते. १०० मेगाहर्ट्‌झची लहर तीन मीटर लांब. तिला पकडायला पाऊण मीटरच्या आसपास तार पुरते आणि इअरफोनची वायर मीटरभराहून थोडी जास्त असते. गाणं ऐकवणारी वायरच त्याच वेळी आकाशातून गाणं खेचूनही आणत असते. इंटरनेट नसलेल्या घाटात याची किंमत कळते.

फोनला गोल भोकच नसेल तर टाइप-सीचा छोटा अडॅप्टर लागतो. त्यातल्या चांगल्यात आवाजाची चिप आत बसवलेली असते. काहींत नुसत्या तारा असतात आणि असे अडॅप्टर काही फोनवर मुकेच राहतात. घेताना आपल्या फोनला लावून बघावा.

जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला आवाज, हे तरी खरं का? येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. खर्जापासून टिपेपर्यंत कुठला सूर किती जोरात वाजतो, याचा आलेख आणि किंमत यांचा काही संबंध त्याला सापडला नाही. आलेख म्हणजे सगळा आवाज नव्हे, पण बराचसा आहे.

ज्याला पैसे पडत नाहीत आणि ज्यानं सगळ्यात जास्त फरक पडतो, ते म्हणजे टोकाचं रबर. कानाची नळी बंद झाली तरच आतली हवा दाबली जाते आणि डग्गा ऐकू येतो. फट राहिली की खर्ज तिथून पसार. ‘यात बेसच नाही’ म्हणून इअरफोन परत करणाऱ्यांपैकी किती जणांनी डबीतली दुसऱ्या मापाची रबरं लावून पाहिली असतील? दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. दुसऱ्या हातानं कान जरा वर ओढून इअरफोन आत बसवावा. बाहेरचा गोंगाट एकदम मंदावला तर बसला असं समजावं. मग आवाजही कमी ठेवता येतो.

डब्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं दिसलं तर हुरळू नये. ते आपल्या कानासाठी नसतं. आपण बोलताना मागचा रिक्षाचा आवाज समोरच्याला कमी जावा म्हणून असतं. लोकलची घरघर आपल्याला ऐकू येऊ नये यासाठी ‘एएनसी’ लागतं. ते माइकनं बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतं. हजारात ते मिळालं तरी फार अपेक्षा ठेवू नयेत.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर लेक्चरं ऐकणाऱ्या मुलीला मी डोळे झाकून वायरवाला सांगेन. चार्जिंगची कटकट नाही आणि एक कान हरवायची भीती नाही. पोळ्या लाटताना, व्यायाम करताना किंवा गर्दीत कुणाच्या बॅगेला वायर अडकून कान ओढला जात असेल, तर बिनवायरचंच घ्यावं. पण हजाराच्या आत असेल तर बडपेक्षा नेकबँड. त्यात दोन्ही कान एकाच चिपला तारेनं जोडलेले असतात, म्हणून घड्याळं जुळवायची भानगड नाही. बॅटरी मानेवर, म्हणून मोठी. आणि कानातून निसटला तरी गळ्यात राहतो, फलाटाच्या फटीत जात नाही. दिसायला तो बडइतका देखणा नाही, हे मान्य. वायरवाला घेऊन दोन-तीनशे वाचले तर त्यात अडॅप्टर आणि रबरांचा एक जादा संच येतो. रबरं धुताना नेमकं एकच बेसिनमध्ये वाहून जातं.