किट वाटून झाले, पुढे काय?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गेली दोन वर्षं पीएचडीच्या जोडीला मी प्रोग्रॅम इव्हॅल्युएशनचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करत होते, आणि ते गेल्या महिन्यात एकदाचं हातात पडलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, पीएचडी संपेना आणि हे मधेच काय काढलंस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तीही वाचेलच.

इथे अमेरिकेत ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. साधारण 12 ते 18 क्रेडिट्स, म्हणजे चार ते सहा कोर्स, एकाच विषयाभोवती गुंफलेले. माझ्या यादीत इव्हॅल्युएशनची तत्त्वं, सर्वेक्षणाची आखणी, मुलाखती घेण्याच्या पद्धती, थोडं संख्याशास्त्र आणि शेवटी एका खऱ्या कार्यक्रमावर प्रत्यक्ष काम, असं होतं. यातून कुठलं लायसन्स मिळत नाही. बायोडेटावर एक ओळ वाढते, एवढंच.

मग केलं कशाला? माझं एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीतलं आणि पीएचडी पिण्याच्या पाण्यातल्या जंतूंवर. लॅबमध्ये बाटल्या येतात, मी जंतू मोजते, आकडा लिहिते. बाटली कुठल्या घरून आली, आकडा कळल्यावर त्या घरात काय झालं, हे मला कधीच कळायचं नाही. ते डोक्यात घोळत होतं, तेवढ्यात डिपार्टमेंटच्या बोर्डावर या सर्टिफिकेटचं पत्रक दिसलं.

प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन म्हणजे एखादी योजना किंवा उपक्रम ज्यासाठी सुरू केला ते त्यातून घडतंय का, कसं घडतंय, नसेल तर कुठे अडतंय, हे पद्धतशीर तपासणं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाकडे यशाचा आकडा आधीच तयार असतो. इतक्या सायकली वाटल्या, इतकी शिबिरं घेतली, इतके लाभार्थी. हे सगळं काय *केलं* ते सांगतं. त्यामुळे काय *बदललं*, हा वेगळा प्रश्न आहे. आणि बदललंच, तर ते या कार्यक्रमाविनाही बदललं असतं का, हा तिसरा, सगळ्यात अवघड प्रश्न.

पहिल्याच सेमिस्टरला एक जुना अभ्यास वाचायला दिला होता, तो अजून डोक्यातून जात नाही. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत 1939 ते 1945 या काळात गुन्हेगारीकडे वळू शकतील अशा मुलांसाठी एक उपक्रम चालला. डॉ. रिचर्ड कॅबट यांची ही कल्पना. 506 मुलं घेतली, वय, परिस्थिती, स्वभाव बघून त्यांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीत कोणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलं. ज्यांना मदत मिळाली त्यांच्या घरी समुपदेशक नियमित जायचे, अभ्यासात मदत, डॉक्टरांकडे नेणं, उन्हाळी शिबिरं, सगळं. तेही सरासरी पाच वर्षं! कोणाही भल्या माणसाला वाटेल की यातून चांगलंच होणार.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी ती मुलं, म्हणजे आता मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढले. मदत मिळालेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जणांनी सांगितलं की त्या उपक्रमाचा आपल्याला फायदा झाला. आता नुसता फीडबॅक फॉर्म भरून घेतला असता तर गोष्ट इथेच संपली असती, पेढे वाटून. पण मॅकॉर्डबाईंनी नोंदीही तपासल्या. गुन्हे कमी झाले नव्हतेच. उलट दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, एकाहून अधिक गुन्हे, लवकर मृत्यू अशा काही बाबतींत मदत मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा वाईट स्थितीत होता. 1978 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

हे वाचून मी दोन दिवस जरा सुन्नच होते. लॅबमध्ये आम्ही कंट्रोल ठेवतो, त्याशिवाय प्रयोगाला कोणी उभं करत नाही. पण माणसांच्या बाबतीत "चांगल्या हेतूने केलंय ना, मग चांगलंच होणार" हे मीही न तपासता मानत होते. नाणं उडवून बनवलेला तो दुसरा गट नसता, तर हे नुकसान कोणाच्याही लक्षात आलं नसतं. नुकसान झालेल्यांच्याही नाही.

दुसरं उदाहरण माझ्या विषयातलं, आणि आपल्या देशातलं. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात 100 गावं घेऊन संपूर्ण स्वच्छता अभियानाचा अभ्यास झाला, 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभियान राबवलेल्या गावांत शौचालय असलेली घरं सरासरी 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेली. बाकीच्या गावांत 8 वरून 12. बांधकामाच्या हिशेबाने दणदणीत यश. पण लहान मुलांमधल्या अतिसाराचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. शौचालय बांधणं, ते पूर्ण होणं, घरातल्या सगळ्यांनी ते वापरणं, गावातल्या पुरेशा घरांनी वापरणं, मग घाण पाण्यात आणि हातांवर कमी जाणं, मग आजार कमी होणं, अशी ही साखळी आहे. इव्हॅल्युएशनवाले कामाला लागण्याआधी ही साखळी कागदावर काढतात, त्याला लॉजिक मॉडेल म्हणतात. प्रत्येक कडीपाशी थांबून विचारायचं, ही पुढची गोष्ट आपोआप होईल असं आपण का मानतोय?

(हे सगळं अमेरिकन खूळ वाटत असेल तर एक आठवण. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळांचा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांवरचा अहवाल 1948 साली निघाला. कालव्याचा प्रत्यक्ष फायदा किती आणि अप्रत्यक्ष किती, हा त्यातला प्रश्न. आणि केंद्र सरकारने सामुदायिक विकास कार्यक्रम तपासायला प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन ऑर्गनायझेशन काढलं ते 1952 मध्ये. मला हे इथे येऊन कळलं, याची थोडी लाज वाटली.)

आता माझं शेवटचं प्रत्यक्ष काम. इथे सार्वजनिक नळपाणी योजनांना 1974 चा पिण्याच्या पाण्याचा कायदा लागू होतो, पण खासगी विहिरींना नाही. आपल्या घरच्या विहिरीचं पाणी तपासायची जबाबदारी ज्याची त्याची. आमच्या भागात खेड्यांतून अशा विहिरी, म्हणजे आपल्या भाषेत बोअर, पुष्कळ आहेत. एक छोटा उपक्रम लोकांना पाणी तपासायचे किट फुकट देतो. एक बाई जवळपास एकट्याने तो चालवतात. दरवर्षी मार्चमध्ये एक समिती पुढच्या वर्षीचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवते, आणि त्यांची नोकरी त्याच पैशांवर. पहिल्याच भेटीत त्यांनी मला हसत विचारलं, "तू माझा कार्यक्रम बंद पाडायला आलीयस का?" मीही हसले. पण त्या अर्ध्याच गमतीत होत्या.

त्यांच्याकडचा आकडा होता वाटलेल्या किट्सचा, आणि तो खरंच मोठा होता. मी साखळी काढली. किट घरी जाणं, बाटली भरणं, ती लॅबला पोचणं, निकाल घरी येणं, निकाल समजणं, विहिरीचं निर्जंतुकीकरण, आणि मग पुन्हा तपासणी. नोंदवह्या बघितल्या तर दुसऱ्या कडीपासूनच गळती. निम्म्याहून जास्त बाटल्या परत आल्याच नव्हत्या.

का, हे आकड्यांत सापडणार नव्हतं. फोन केले, काही घरी गेले. कोलिफॉर्म तपासायला नमुना भरल्यापासून 30 तासांच्या आत तपासणी सुरू व्हावी लागते. हा नियम मला पाठ आहे, मी तो रोज पाळते. पण बाटल्या स्वीकारायची वेळ होती सोमवार ते गुरुवार, सकाळची. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस पाऊण तास गाडी चालवून सकाळी बाटली द्यायला कधी येणार? एका घरी किट फ्रीजवर ठेवलेलं होतं, आठ महिने. "वेळ मिळाला की करू," ते म्हणाले. माझा 30 तासांचा नियम त्यांच्या फ्रीजवर येऊन अडला होता.

आणि निकालाचं पत्र. त्यावर छापलेलं असायचं, "टोटल कोलिफॉर्म: पॉझिटिव्ह". पुढे काय करायचं ते मागच्या पानावर, बारीक अक्षरात. एका शेतकरी आजोबांनी मला विचारलं, "पॉझिटिव्ह आलंय म्हणजे चांगलंच ना?" ते पाणी घरात नातवंडंही पीत होती. मी आधी फोनवरच त्यांना पुढच्या पायऱ्या सांगितल्या, नोंद नंतर केली. अभ्यास चालू असताना मधे पडावं का, यावर वर्गात नंतर वाद झाला. माझं मत सरळ आहे: पडावं, आणि पडलो ते अहवालात लिहावं.

मग पहिला मसुदा लिहिला, अगदी लॅबच्या सवयीने. "या कार्यक्रमामुळे पाण्याच्या गुणवत्तेत सुधारणा झाल्याचा पुरावा आढळला नाही." वाक्यात चूक काहीच नाही. आमच्या प्राध्यापकांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारून विचारलं, "हे वाक्य कोण, कधी आणि काय ठरवताना वाचणार आहे?"

मी विचार केला. समिती वाचणार, मार्चमध्ये, पैसे ठरवताना. आणि ते वाचतील, "उपयोग नाही." पण मला ते म्हणायचंच नव्हतं! निर्जंतुकीकरणानंतर दुसऱ्यांदा पाणी कोणी तपासलंच नव्हतं, त्यामुळे सुधारणा झाली की नाही हे कळायला मार्गच नव्हता. पुरावा नसणं आणि परिणाम नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी ज्युनिअर्सना शिकवते. स्वतः लिहिताना मात्र विसरले.

अमेरिकेत या कामाची जी मानकं वापरतात त्यांत पहिलं नाव अचूकतेचं नाही, उपयुक्ततेचं आहे. मग व्यवहार्यता, औचित्य, मग अचूकता, शेवटी स्वतः इव्हॅल्युएशनचीच जबाबदेही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा क्रम उलटा वाटला होता. त्या रेघेनंतर वाटेनासा झाला.

दुसऱ्या मसुद्यात काहीच लपवलं नाही. उपक्रमाच्या बाईंची इच्छा होती की किट्सचा आकडा पहिल्या पानावर असावा. ठेवला. त्याच्या शेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरात, परत आलेल्या बाटल्यांचा आकडाही ठेवला. त्यांना ते आवडलं नाही, आणि आमचं त्यावरून दोनदा बोलणं झालं, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. खाली तीन गोष्टी लिहिल्या: आठवड्यातून एक संध्याकाळ बाटल्या घ्या, पत्राच्या पहिल्या ओळीत "हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका" असं साध्या भाषेत लिहा, आणि पॉझिटिव्ह घरांना दुसरं किट आपणहून पाठवा.

तुमच्यापैकी कोणी हे करायचा विचार करत असेल तर थोडं व्यवहाराचं. तुमच्या विद्यापीठात पीएचडीचे कोर्स सर्टिफिकेटमध्ये मोजतात का, फीमाफीत हे बसतं का, आणि अर्ज कोर्स सुरू करण्याआधीच करावा लागतो का, हे ग्रॅज्युएट ऑफिसला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि गाईडला आधी सांगा. मी उशिरा सांगितलं, त्यावरून एक आठवडा लॅबमध्ये वातावरण तंग होतं.

मार्चमध्ये समितीने एका वर्षाचे पैसे दिले, मागितले होते तीन वर्षांचे. पत्र बदललंय, मी स्वतः वाचून पाहिलं. मंगळवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत आता बाटल्या घेतात. दुसऱ्या किटची खोकी ऑफिसात येऊन पडलीत, पण ती पाठवायला माणूस नाही. उपक्रमाच्या बाई माझ्याशी बोलतात, पूर्वीइतकं नाही. गेल्या मंगळवारी लॅबमध्ये ज्या बाटल्या आल्या त्यांवर पहिल्यांदाच मी नुसता नंबर न बघता गावाचं नाव बघितलं. आजोबांच्या गावाची एक होती. त्यांचीच आहे का, ते नियमाप्रमाणे मला कळू शकत नाही. बाटली इनक्युबेटरमध्ये ठेवलीये.