आधी पाणी, मग झाडं, शेवटी मासे

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ काम करत. १८४९ साली त्यांनी एका काचेच्या भांड्यात वाळू, चिखल आणि दगड घातले, लांब पट्टीदार पानांच्या व्हॅलिस्नेरियाची रोपं लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडं वापरतील आणि माशांना लागणारा ऑक्सिजन झाडं देतील, म्हणजे पाणी सारखं बदलावं लागणार नाही, असा त्यांचा तर्क होता. काही दिवसांनी जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवा थर धरला. मग त्यांनी तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये हा प्रयोग त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत काचेच्या टाक्यांची लाट उसळली.

वॉरिंग्टन यांच्या भांड्यात शोभेची म्हणून एकही वस्तू नव्हती. वाळू, झाड, गोगलगाय, मासा यांतला प्रत्येक जण कामाला होता. आपल्याकडे मात्र टाकी बहुतेक वेळा शोभेची वस्तू म्हणूनच घरात येते. निळी खडी, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा शिंपला आणि त्याच संध्याकाळी पिशवीतून आणून सोडलेले डझनभर मासे. आठवड्याभरात मासे मरायला लागतात आणि ‘आपल्या हाताला मासे लाभत नाहीत’ असं म्हणून टाकी माळ्यावर जाते. यात हाताचा दोष काहीच नसतो. क्रम चुकलेला असतो. झाडांची टाकी नीट लावायची तर आधी पाणी घडवावं लागतं, मग झाडं रुजवावी लागतात आणि मासे सर्वांत शेवटी येतात. हा क्रम पाळला की सजावट त्यातूनच उभी राहते.

पाणी घडतं कसं

मासे अमोनिया टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. उरलेलं खाणं आणि पडलेली पानं कुजली की त्यात भर पडते. पाण्याचा सामू आणि तापमान जितकं जास्त, तितका हा अमोनिया अधिक जहरी. निसर्गात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि झाडांना खत म्हणून चालतं. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांचा अभ्यास झाला, तेव्हा तिथे प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू काम करताना सापडले. २०१५ मध्ये आणखी एक नवल कळलं. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची सगळी वाट एकट्याने चालणारे नायट्रोस्पायराही असतात. त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमधूनच लागला.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर, दगडांवर वस्ती करतात आणि सावकाश वाढतात. ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल करणं’ म्हणतात. ओळखीतल्या एखाद्याच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्य दिसू लागेपर्यंत मासा आणायचा नाही. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, कारण नळातलं क्लोरिन ही वस्तीच मारून टाकतं. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलकेच पिळायचा.

नव्याने भरायच्या पाण्यातलंही क्लोरिन काढावं लागतं. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की ते बरंचसं उडून जातं. दुकानात ‘अँटिक्लोरिन’ म्हणून मिळणारे थेंब तेच काम लगेच करतात. मुंबई-पुण्याला धरणाचं पाणी मिळतं. ते मृदू असतं आणि बहुतेक झाडांना मानवतं. बोअरवेलचं पाणी मात्र अनेक ठिकाणी जड असतं. ते वापरायचं असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळावं. निव्वळ आरओचं पाणी भरू नये, त्यात झाडांना लागणारे क्षार जवळजवळ नसतातच.

जांभा, काळा पाषाण आणि देशी बदाम

सुरुवातीला दोन फुटी टाकी सोयीची. ६० सेंमी लांब, ३० रुंद आणि ३६ उंच अशा टाकीत जवळपास ६५ लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि काच धरून वजन ८५-९० किलोंच्या घरात जातं, म्हणून ओटा पक्का आणि सपाट हवा. काचेखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घालायची, म्हणजे ताण एका बिंदूवर येत नाही. याहून लहान टाकी सोपी वाटते, पण पाणी कमी असलं की छोटी चूकही लगेच महागात पडते.

तळ म्हणजे झाडांची जमीन. बाजारात भाजलेल्या मातीचे महागडे दाणे मिळतात आणि ते उत्तमच असतात. अमेरिकी लेखिका डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात साधी वाट दाखवली. खाली इंचभर साधी माती, वर इंचभर बारीक खडी, भरपूर झाडं आणि मोजके मासे. जर्मनीत कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी १९८०च्या दशकात तळाच्या थरात लॅटेराइट घालण्याची पद्धत रूढ केली. लॅटेराइट म्हणजे आपला जांभा. ज्या दगडाचे चिरे काढून कोकणात घरं बांधतात, तोच युरोपात पुड्यांतून विकला जात होता. त्यामागे रसायनशास्त्र आहे. जांभ्यात लोह भरपूर असतं, पण ते गंजलेल्या, न विरघळणाऱ्या रूपात. तळाच्या खालच्या थरात ऑक्सिजन कमी असतो, तिथे हे लोह विरघळणाऱ्या रूपात येतं आणि मुळांना मिळतं. चिऱ्याचा चुरा धुऊन, मूठ-दोन मूठ, सर्वांत खाली पसरला की पुरे.

दगडांसाठीही लांब जायला नको. सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, सामू बदलत नाही, आणि त्याचा गडद रंग हिरव्यापुढे खुलतो. अनोळखी दगडावर मात्र लिंबू पिळून पाहावं. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पाणी जड करत राहणार. लाकूड आधी काही दिवस पाण्यात भिजवून ठेवावं, नाहीतर ते तरंगतं. त्यातून उतरणारा चहासारखा रंग टॅनिनचा असतो आणि तो माशांना बाधत नाही. देशी बदामाचं वाळून गळलेलं पान तर आग्नेय आशियातले मासेपालक मुद्दाम पाण्यात टाकतात. हे झाड आपल्याकडे अंगणात, समुद्रकिनारी सर्रास दिसतं. स्वच्छ जागेवरचं, औषध न फवारलेलं पान घ्यावं, एवढंच पथ्य.

लावणी

झाडं लावताना टाकीत पाणी फक्त चार बोटं असावं. नर्सरीतून आलेल्या कुंडीतला लोकरीसारखा काथ्या सोडवायचा, पिवळी पानं खुडायची, मुळं दोन-तीन सेंमी ठेवून कापायची. लांब चिमट्यात काडीचं टोक धरायचं, तिरकं मातीत घालायचं, चिमटा किंचित सैल करून हलवत बाहेर काढायचा. सरळ वर ओढला की रोपही वर येतं. काड्या जुडग्याने न लावता भाताच्या रोपांसारख्या एकेक सुट्या, दोन बोटांच्या अंतरावर लावायच्या, म्हणजे उजेड बुडापर्यंत पोचतो. अनुबियास आणि जावा फर्न यांचा आडवा कंद मात्र मातीत पुरायचा नाही, तो कुजतो. ही झाडं दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायची.

पहिल्या पंधरवड्यात पानं वितळल्यासारखी गळतात. नवखे इथे घाबरतात. नर्सरीत बरीचशी झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतली पानं पाण्याखाली टिकत नाहीत, त्यांच्या जागी पाण्यातली पातळ पानं यावी लागतात. गळालेली पानं रोज काढायची आणि खोड टणक आहे ना, ते पाहायचं. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी सगळी पानं टाकते आणि मुळापासून पुन्हा फुटते.

या झाडांतली कितीतरी आपल्या मातीतली आहेत. दुकानात बाकोपा म्हणून मिळते ती नीरब्राह्मी. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा तालिमखान्याच्या गोतातली, भारतातलीच. तांबडी रोटाला मॅक्रांड्रा दक्षिण भारतातली. क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरलिस कोकणातल्या नद्यांच्या खडकाळ पात्रांत वाढते. आणि कासच्या पठारावर, पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांत वायतुरा फुलतो. अपोनोजेटॉन सातारेन्सिस या त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. तो जगात फक्त आपल्याच भागातल्या सड्यांवर उगवतो. तो तिथेच बघायचा, टाकीसाठी त्याचा कंद उपटणं हा अपराध मानायला हवा.

उजेड आणि शेवाळ

पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. शिवाय उघड्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. म्हणून झाडांची खरी भूक कार्बनची असते. सिलिंडरमधून वायू सोडणारे तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. टाकीत टांगलेल्या, वायूचं प्रमाण दाखवणाऱ्या चेकरमधला द्रव निळ्याचा हिरवा झाला की प्रमाण बरोबर, पिवळा झाला की माशांना धोका. रात्री झाडंही श्वास घेतात, तेव्हा दिव्याबरोबर वायूही बंद करायचा. सिलिंडर नको असेल तर अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया आणि मॉस मध्यम उजेडात छान वाढतात.

दिवा रोज सहा ते आठ तास, टायमरवर. तो दहा-बारा तास ठेवला की शेवाळ येतं. उजेड, खत आणि कार्बन या तिघांचा मेळ हवा. झाडं जे घेऊ शकत नाहीत, ते शेवाळ घेतं. त्यावर औषध ओतण्याआधी दिव्याचे तास कमी करावेत, माशांचं खाणं कमी करावं, आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावं आणि भरभर वाढणारी झाडं वाढवावीत.

आपल्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. एप्रिल-मेमध्ये झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी आटतं, क्षार मात्र मागेच राहतात, म्हणून वरची भर मृदू पाण्याची घालावी.

रचनेच्या दोन वाटा

नेदरलँड्समध्ये १९३०च्या दशकापासून रुजलेल्या डच पद्धतीत दगड-लाकडाला जवळजवळ स्थान नाही. पुढे बुटकी, मागे उंच, लाल शेजारी हिरवी अशा झाडांच्या आखीव रांगा. दुसरी वाट जपानच्या ताकाशी अमानो यांची. निइगातात १९५४ मध्ये जन्मलेले अमानो आधी सायकलपटू होते, मग निसर्गछायाचित्रकार झाले. १९८२ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली. नदीकाठ, डोंगरउतार, जंगल यांचं निरीक्षण करून ते टाकी मांडत. दगड विषम संख्येत, सर्वांत मोठा मध्यभागी न ठेवता एका बाजूला, सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेने, जणू एकाच प्रवाहाने घासलेल्या. लिस्बनच्या ओशनारियममध्ये २०१५ साली त्यांनी ४० मीटर लांबीची, १,६०,००० लिटरची टाकी उभी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पाहण्याची सवय. आंबोलीचा, ताम्हिणीचा ओढा ऑक्टोबरात नीट पाहावा. मोठ्या दगडाच्या आडोशाला बारीक वाळू साठते, झाडं तिथे धरतात, धारेत खडक उघडा राहतो. हीच मांडणी दोन फुटांत उतरवली तर ती खरी दिसते.

मासे, आणि आपल्या नद्या

दोन फुटी टाकीला टेट्रा किंवा रासबोरासारख्या छोट्या माशांचा दहा-बाराचा एकच थवा, तळाला काही कोळंब्या आणि दोन-चार गोगलगायी एवढं गणगोत पुरतं. ‘मिस केरळ’ म्हणून विकला जाणारा डेनिसन बार्ब लहानपणी मोहात पाडतो, पण तो चार-पाच इंच वाढतो, थव्याने वेगात पोहतो आणि त्याला चार फुटांहून लांब टाकी लागते. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीपलीकडे तो कुठेच नाही, आणि आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. घेताना ‘हा पैदाशीचा की नदीतून पकडलेला?’ हे विचारणं आपलं काम आहे. आपल्या ओढ्यांत काय आहे हेही अजून पुरतं नोंदलेलं नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशीतून शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा २०२० मध्ये जगापुढे आला, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली.

टाकीतलं काहीही नदीत जाऊ नये, हा नियम याहून कडक. श्रीलंकेतून टाक्यांसाठी नेलेली हायड्रिला ही पाणवनस्पती १९५०च्या दशकात फ्लोरिडाच्या पाण्यात गेली आणि तिथले कालवे व तलाव तिने गुदमरवले. आपली साधीसुधी हायग्रोफिलाही तिथे घातक तण ठरली. उलट दिशेने दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आपल्या अनेक नद्या-तलावांत शिरला आहे, कारण टाकीत मावेनासा झाल्यावर कुणीतरी त्याला ‘जीवदान’ दिलं. छाटलेली झाडं उन्हात वाळवून कुंडीत घालावीत. नकोसा झालेला मासा दुकानाला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

पासष्ट लिटर पाणी सांभाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. जास्तीचं खाणं पडलं, नायट्रेट वाढलं, की आठवड्यात काच हिरवी होते. पवना आणि मुळा-मुठेवर दर वर्षी पसरणाऱ्या जलपर्णीचा हिशेबही हाच आहे. सांडपाण्यातून आलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट तिला पोसतं, आणि वरवर ती काढत राहिल्याने ती संपत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर टाकी जरूर लावावी. अमोनिया शून्यावर यायला लागणारे ते चार-सहा आठवडे मुलांनी स्वतः मोजावेत, वहीत लिहावेत. पुढे आपल्या गावच्या नदीत काय सोडलं जातंय, हा प्रश्न ती मुलं नगरपालिकेला आकड्यांनिशी विचारतील.