‘ताज़ा’ आणि ‘बासी’

हिंदी भाषा आपणांस येते, असें आपल्यापैकीं बहुतेकांस वाटतें. लिपि एकच, निम्मे शब्द ओळखीचे, आणि सिनेमाचीं गाणीं तर मुलांना तोंडपाठच असतात. अशा स्थितींत ‘हें ताजें आहे काय?’ एवढें हिंदींत कसें विचारावें, यावर लेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी म्हणेल. परंतु याच एका प्रश्नानें मला एकदां चांगलेंच फसविलें. तो प्रसंग आधीं सांगतों, म्हणजे पुढील विवेचन फारसें रुक्ष वाटणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मी माझी वडील बहीण व तिचा सहा वर्षांचा मुलगा यांच्यासह आगगाडीनें प्रयागास चाललों होतों. भर उन्हाळ्याचे दिवस. दुपारीं मध्य प्रदेशांतील एका मोठ्या जंक्शनावर गाडी थांबली. घरचा डबा संपला होता आणि मुलाला भूक लागली होती. फलाटावर एक विक्रेता टोपलींत पुऱ्या घेऊन उभा होता. ताई म्हणाली, “अरे, आधीं विचार त्याला, शिळ्या तर नाहींत ना?” मीं मोठ्या ऐटींत विचारलें, “भैया, पूरी शिली तो नहीं है?” मराठी शब्दांतील ‘ळ’ काढून तेथें ‘ल’ घातला कीं हिंदी शब्द तयार होतो, अशी माझी त्या वेळीं समजूत होती. विक्रेत्यानें टोपलीवरचें फडकें बाजूस सारलें व किंचित् रागानेंच तो म्हणाला, “सीली क्यों होगी, बाबूजी? छूकर देख लीजिए.” मीं एका पुरीस बोट लावून पाहिलें. पुरी चांगली कोरडी होती. मीं समाधानानें आठ पुऱ्या घेतल्या.

त्या पुऱ्या आदल्या दिवशींच्या होत्या, हें संध्याकाळीं भाच्याच्या पोटानें आम्हांस कळविलें. ओकाऱ्यांनीं पोर अगदीं गळून गेलें. ताई रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसली होती, व मी प्रत्येक स्टेशनावर उतरून पाणी आणीत होतों. प्रयागास पोहोंचल्यावर नातेवाइकांचें घर शोधण्याआधीं आम्हांस डॉक्टरांचें घर शोधावें लागलें.

त्या विक्रेत्यास मी रात्रभर मनांत लबाड म्हणत होतों. परंतु तो माझ्याशीं खोटें बोलला नव्हता. हिंदींत ‘सीला’ असा एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ओलसर, दमट असा होतो. पावसाळ्यांत डब्यांतले पापड मऊ पडले म्हणजे आपण ‘सादळले’ म्हणतों. हिंदी बोलणारा मनुष्य तेथें ‘सील गए’ असें म्हणेल. मीं त्याला पुऱ्या सादळल्या आहेत काय, असें विचारलें आणि त्यानें त्या प्रश्नाचें खरें उत्तर दिलें! अधिक नवलाची गोष्ट ही कीं, मराठींतील ‘शिळा’ आणि हिंदींतील ‘सीला’ हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत. संस्कृतांतील ‘शीतल’ हा शब्द प्राकृतांत ‘सीअल’ झाला. पुढें महाराष्ट्रांत त्याचा अर्थ चुलीवरून उतरून थंड पडलेलें, म्हणून जुनें झालेलें अन्न, असा झाला; आणि उत्तरेकडे थंड म्हणून ओलसर, असा झाला. सख्खे भाऊ वेगवेगळ्या गांवीं जाऊन वेगवेगळे धंदे करूं लागावेत, तसाच हा प्रकार आहे.

मग शिळ्या अन्नास हिंदींत काय म्हणतात? ‘बासी’. या शब्दाचें मूळ ‘वस्’, म्हणजे राहणें, मुक्काम करणें, या धातूंत आहे. जें रात्रभर घरांत वस्तीस राहिलें तें बासी. मराठीनें अन्नाची ऊब गेली कीं नाहीं हें पाहिलें, हिंदीनें मधें रात्र गेली कीं नाहीं हें पाहिलें. ‘बासी’ हा शब्द परका वाटला तरी त्याचा एक जवळचा आप्त आपल्या घरांत रोज वावरत असतो. सकाळीं स्नान न करतां मुलें इकडे तिकडे फिरूं लागलीं म्हणजे आजी ‘पारोसा’ म्हणून ओरडते, तो शब्द संस्कृत ‘पर्युषित’ यावरून आला आहे, आणि त्याच्याही पोटीं तोच ‘वस्’ धातु आहे. हिंदींत न धुतलेल्या तोंडास ‘बासी मुँह’ म्हणतात. पारोसा मुलगा आणि बासी पुरी हीं अशीं एकाच घराण्यांतलीं आहेत, ही गोष्ट आळशी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

हे दोन शब्द दोन भाषांत किती समांतर चालतात पाहा. आपल्याकडे श्रावणांत शिळासप्तमीस चूल न पेटवितां आदल्या दिवशीं केलेलें अन्न खाण्याची चाल आहे. उत्तरेस होळीनंतर आठ दिवसांच्या सुमारास तसाच दिवस पाळतात, त्याचें नांव ‘बासौड़ा’. आपण ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणतों, ते लोक ‘बासी कढ़ी में उबाल’ म्हणतात. कढीसुद्धां बदललेली नाहीं!

‘ताज़ा’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. तो फारसीतून आला व मराठी आणि हिंदी या दोन्ही घरांत सारखाच रुळला. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, हें आपण इतिहासांत वाचतों. परंतु बाजारांतील व स्वयंपाकघरांतील असे अनेक फारसी शब्द कोणी हालविले नाहींत. मराठींत ‘ताजातवाना’ म्हणतात, त्यांतील ‘तवाना’ म्हणजे बळकट हाही फारसीच. हिंदींत त्या जागीं ‘तरोताज़ा’ म्हणतात. त्यांतील ‘तर’ म्हणजे ओलावा असलेला, टवटवीत. उच्चाराची मात्र थोडी काळजी घ्यावी. ‘जावई’ यांतील ‘ज’ आपण जसा दांतांजवळ उच्चारतों, त्याहूनही हलका, नुसत्या फुंकरीचा असा हा ‘ज़’ आहे. तो न साधला तरी अडत नाहीं. पुष्कळ हिंदीभाषी लोकही साधा ‘ज’ उच्चारतात.

खरी अडचण येते ती लिंगाची. मराठींत तीन लिंगें आहेत, हिंदींत दोनच. आपलें सगळें नपुंसकलिंग तेथें बेघर होतें व त्याला कोठें तरी आसरा शोधावा लागतो. पुष्कळांना तो पुल्लिंगांत मिळतो: ताजें दूध म्हणजे ‘ताज़ा दूध’, ताजें पाणी म्हणजे ‘ताज़ा पानी’, ताजीं फळें म्हणजे ‘ताज़े फल’, ताजीं वांगीं म्हणजे ‘ताज़े बैंगन’. एवढ्यावरून कोणी नियम बांधूं लागला तर गाजर त्याला आडवें येतें. आपलें गाजर नपुंसकलिंगी, त्यांची गाजर स्त्री: ‘गाजर ताज़ी है’. आपला मुळा आणि मासा पुरुष, पण हिंदींत ‘मूली ताज़ी है’, ‘मछली ताज़ी है’. उलट आपली कोथिंबीर स्त्रीलिंगी, परंतु तेथें ती ‘धनिया’ होतांच पुरुष होते, म्हणून ‘धनिया ताज़ा है’. याला युक्ति नाहीं. शब्द शिकतांनाच त्याला ‘ताज़ा’ किंवा ‘ताज़ी’ जोडून पाठ करावा, हा एकच मार्ग मला तरी माहीत आहे. मुलांनीं आईबरोबर मंडईंत जावें, आणि प्रत्येक पाटीपुढें मनांतल्या मनांत ही जोडी लावून पाहावी. महिन्याभरांत निम्म्याहून अधिक लिंगें जिभेवर बसतात, व परीक्षेंतील गुणही वाढतात.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘मग वर्तमानपत्रांत “ताज़ा ख़बर” असें कां छापतात? ख़बर तर स्त्रीलिंगी आहे.’ प्रश्न बरोबर आहे. फारसीत विशेषणाचें रूप लिंगाप्रमाणें बदलत नाहीं, आणि उर्दूंत जपून लिहिणारे लेखक हा शब्द तसाच अविकृत ठेवतात. ‘ताज़ा रोटी’, ‘ताज़ा हवा’ असें लिहितात. हिंदी बाजारानें मात्र त्याला ‘अच्छा, अच्छी, अच्छे’ यांच्या पंक्तीस बसविलें आणि ‘ताज़ी रोटी’, ‘ताज़ी हवा’ सुरू केलें. दोन्ही रूपें ऐकूं येतात. माझ्या मतें विद्यार्थ्यानें बोलतांना बाजाराचा रिवाज पाळावा, आणि ‘ताज़ा ख़बर’ दिसल्यास ती छापण्याची चूक समजूं नये.

मनुष्याच्या मनालाही हा शब्द लागतो. जुनी आठवण जागी झाली तर ‘याद ताज़ा हो गई’ म्हणतात; येथें ‘याद’ स्त्रीलिंगी असूनही ‘ताज़ा’ बहुधा तसाच राहतो. हुक्क्यांतील पाणी बदलणें म्हणजे ‘हुक्का ताज़ा करना’. पण कोवळी भेंडी हवी असल्यास ‘ताज़ी’ म्हणून भागत नाहीं. तेथें ‘नरम’ म्हणावें. ताजी भेंडीही निबर असूं शकते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ‘पूरी ताज़ी है?’ हें वाक्य शुद्ध आहे, पण त्याचा उपयोग थोडा. आजपर्यंत कोणत्याही विक्रेत्यानें मला ‘नहीं, बासी है’ असें उत्तर दिलेलें नाहीं. त्यापेक्षां ‘कब की बनी है?’ असें विचारावें. दूध किंवा फळ असल्यास ‘कब का है?’ या प्रश्नास हो किंवा नाहीं म्हणून सुटतां येत नाहीं. वेळ सांगावी लागते. उत्तरांत ‘कल’ हा शब्द आला तर मात्र सावध राहावें. मराठींत ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस, परंतु हिंदींतील ‘कल’ मागेंही जातो व पुढेंही. ‘यह कल का है’ म्हणजे माल कालचा; ‘ताज़ा कल आएगा’ म्हणजे ताजा उद्यां येणार. क्रियापद ऐकल्यावांचून निर्णय करूं नये.

परततांना आमची गाडी त्याच जंक्शनावर थांबली. टोपलीवाला दुसराच होता, वयस्क. मीं विचारलें, “पूरी कब की बनी है?” म्हातारा हंसून म्हणाला, “सुबह की है, बाबूजी. आधा घंटा ठहरिए तो ताज़ी निकलेगी.” गाडी दहा मिनिटांत सुटणार होती. आम्हीं शेजारच्या गाड्यावरून डझनभर केळीं घेतलीं. भाच्यानें त्यांपैकीं एक हातांत घेतलें, सालीवर बोट ठेवून नीट चाचपून पाहिलें आणि विचारलें, “मामा, हें सीलें नाहीं ना?”