हळद्याचे दिवस

मंडईत भेंडी घेताना शेंडा मोडून पाहण्याची आपली जुनी सवय आहे. कटकन मोडली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. भाजीवाल्या मावशी कितीही कावल्या तरी ही परीक्षा आपण घेतोच. पण भेंडीची खरी परीक्षा मंडईत पोचण्याच्या कितीतरी आधी रानात होऊन गेलेली असते. पानाच्या शिरा हळदीत बुडवून काढल्यासारख्या दिसू लागल्या की शेतकरी समजतो, हळद्या आला. आधी शिरा पिवळ्या, मग शिरांच्या मधला हिरवा भाग पिवळा, आणि शेवटी अख्खं झाड. त्यावर धरणारी भेंडीही फिकट, आखूड आणि राठ. ती खाल्ल्यानं कुणालाही काही होत नाही. पण तिचा शेंडा मोडून पाहण्याची तसदीसुद्धा कुणी घेत नाही.

माझा एक चुलतभाऊ गावाकडे वीस गुंठ्यांवर उन्हाळी भेंडी करतो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्याचा फोन आला. ‘दादा, पाच फवारण्या झाल्या. पिवळं वाढतंच चाललंय. तू ते शेतीशास्त्राचं वाचतोस ना, एखादं जालीम औषध सांग.’ दुकानदार दर खेपेला आधीच्यापेक्षा महाग बाटली काढून देत होता आणि हा उधारीवर घेत होता. रविवारी जाऊन पाहिलं. प्लॉट जेमतेम पस्तीस दिवसांचा, तोडे अजून सुरू व्हायचे होते, आणि तिसरा हिस्सा झाडं पिवळी. एका झाडाला धक्का दिला तर पिठाची चिमूट उधळावी तशा बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या आणि क्षणात पुन्हा पानांच्या खालच्या बाजूला जाऊन बसल्या.

त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर फार छोटं होतं आणि ते देणं जिवावर आलं होतं. हळद्यावर औषध नाही. हा बुरशीचा रोग नव्हे, की बुरशीनाशक मारलं आणि थांबला. हा विषाणूचा रोग आहे, आणि विषाणू एकदा झाडाच्या पेशीत शिरला की रानात उभ्या झाडातून त्याला बाहेर काढील असं रसायन कोणत्याही बाटलीत मिळत नाही. बाटलीत असतं ते माशीचं विष.

आता माशीचा आणि विषाणूचा संबंध काय? झाडाच्या विषाणूची एक मोठी अडचण असते. तो स्वतः चालू शकत नाही आणि त्याचं घर, म्हणजे झाड, तेही जागचं हलत नाही. माणसाचा सर्दीचा विषाणू शिंकेबरोबर दुसऱ्याच्या नाकात जातो. झाड शिंकत नाही. शिवाय झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती जाड भिंत असते. ती टोचून आत सोडणारा कुणीतरी हवा. सोंडेची सुई पानात खुपसून रस पिणारे मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे हे किडे नेमकं तेच काम करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच सुई न धुता घरोघर इंजेक्शन देत फिरणारे हे कंपाउंडर.

हे नातं माणसाच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधल्या एका भातशेतकऱ्याच्या लक्षात आलं, की भाताची रोपं खुजी राहतात त्याच्याशी तुडतुड्यांचा काहीतरी संबंध आहे. गंमत अशी, की विषाणूनं पिवळ्या पडलेल्या पानांची सर्वांत जुनी लेखी नोंदही जपानचीच समजतात. इसवी सन ७५२ मध्ये कोकेन या सम्राज्ञीनं रचलेली एक कविता आहे. भर उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या रानझुडपांचा उल्लेख तिच्यात येतो. त्या झुडपात आजही सापडणारा विषाणू आपल्या भेंडीच्या विषाणूचा भाऊबंद आहे आणि तोही पांढऱ्या माशीवरच स्वार होऊन फिरतो.

भेंडीच्या हळद्याची जन्मनोंद मात्र आपल्याकडची. १९२४ साली कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या रोगांत त्याची नोंद केली. तो विषाणूमुळेच होतो हे १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी सिद्ध करून त्याला नाव दिलं. पुढे वर्मा आणि कपूर यांनी या रोगाचा आणि पांढऱ्या माशीचा पिच्छाच पुरवला. बी स्वच्छ, रस चोळून रोग लागत नाही, पण माशी सोडली की लागतो, हे तेव्हाच उलगडलं. पेनिसिलिन अजून घरोघर पोचायचं होतं त्या काळात आपली माणसं मिलिमीटरभर माश्या धरून, त्यांना आजारी झाडावर जेवायला घालून, मग निरोगी झाडावर सोडून, तास मोजत बसली होती. या कामाबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकांत चार ओळी असायला हरकत नव्हती. असो.

त्या तासांतच सगळं रहस्य आहे. रोगी पानातला रस पिताना विषाणू माशीच्या पोटात जातो. तिथून आतड्याची भिंत ओलांडून तिच्या रक्तात, रक्तातून लाळेच्या ग्रंथीत. या प्रवासाला काही तास लागतात. एकदा विषाणू लाळेत उतरला की माशी मरेपर्यंत ज्या झाडावर सोंड टेकवील तिथे तो सोडत राहते. पिवळं करायला एक माशीही पुरते. मात्र तिच्या अंड्यांत हा विषाणू उतरत नाही. प्रत्येक पिल्लू स्वच्छच जन्मतं. पण पिल्लू एकदा पानाला चिकटलं की तिथेच वाढतं. ते पान रोगी असेल तर पंख फुटतानाच ते शिदोरी बांधून निघतं.

हे मी भावाला बांधावर उभा राहून सांगत होतो आणि बोलता बोलता आम्हा दोघांचीही नजर बांधापलीकडे गेली. शेजाऱ्याचा भेंडीचा जुना प्लॉट तिथे तसाच उभा होता. भाव पडला म्हणून त्यानं तोडे थांबवले होते आणि ‘शेळ्या खातील’ म्हणून झाडं ठेवली होती. कमरेएवढी, हळदीनं न्हाल्यासारखी. भाऊ आपल्या रानात माश्या मारत होता आणि पलीकडे त्यांचा कारखाना तीन पाळ्यांत चालू होता.

म्हणूनच नुसत्या फवारणीनं हा रोग आटोक्यात येत नाही. आज मारलेल्या माश्यांनी आपलं काम कालच केलेलं असतं आणि उद्या नव्या येतात. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, उन्हाळ्यात तीनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार होते, आणि शेकडो जातींच्या झाडांवर तिचं भागतं. पुन्हा पुन्हा तीच विषं मारली की त्यांना न जुमानणाऱ्या माश्या उरतात. ढालकिड्यांसारखे माशी खाणारे मित्रकिडे मात्र पहिल्या फवाऱ्यालाच जातात. २०१५ साली पंजाबात कापसावर पांढरी माशी अशी उठली, की वारंवार फवारूनही पीक हातचं गेलं आणि शेतकरी रेल्वेच्या रुळांवर येऊन बसले. आपल्याकडे २०२३च्या पावसाळ्यात विदर्भात सोयाबीन पिवळं पडलं, त्यातही पिवळ्या मोझॅकचा आणि या माशीचा वाटा होता.

पपईची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. पानं चिंध्यांसारखी बारीक होतात आणि फळाच्या सालीवर गोल गोल कडी उमटतात, हा रोग आपल्याकडे १९४८ साली याच कपूर-वर्मा जोडीनं नोंदवला. तो मावा पसरवतो. पण मावा पपईवर घर करत नाही. तो नुसता येतो, सोंड टोचून चव पाहतो, पसंत पडत नाही म्हणून पुढच्या झाडावर जातो. इथे विषाणू पोटात जात नाही, सोंडेलाच चिकटून राहतो आणि काही सेकंदांच्या त्या चव पाहण्यात पुढच्या झाडात उतरतो. विषाचा परिणाम होऊन मावा मरेपर्यंत त्याची चार झाडं फिरून झालेली असतात. म्हणून पपईच्या बागेभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावायला सांगतात. बाहेरून आलेला मावा आधी तिथे सोंड टोचतो आणि त्याची सुई तिथेच पुसली जाते. आमच्या सोसायटीतल्या पपईवर अशी कडी दिसली तेव्हा शेजारच्या आजींनी फळ टाकून दिलं. टाकायला नको होतं. झाडाचा विषाणू माणसाला लागत नाही.

हे वाक्य मे २०२० मध्ये मोठ्यानं सांगण्याची फार गरज होती. नारायणगाव, संगमनेर भागात टोमॅटो एकसारखा पिकेना. एकाच फळावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. बंगळुरूच्या फळभाजी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्रामुख्यानं काकडीवर्गात प्रथम ओळखला गेलेला आणि माव्यानं पसरणारा एक विषाणू निघाला. पण ते दिवस टाळेबंदीचे होते. ‘व्हायरस’ हा शब्द ऐकूनच लोक दचकत होते. टोमॅटोचा विषाणू कोरोनापेक्षा घातक, अशा बातम्या फिरल्या आणि ज्यांच्या रानात रोगाचा मागमूस नव्हता त्यांच्याही टोमॅटोकडे गिऱ्हाईक संशयानं पाहू लागलं. रोगानं जितकं नेलं त्यात या अफवेनं आणखी भर घातली, हे मला आजही क्षम्य वाटत नाही.

याच विषाणूवर २०१० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भोपळावर्गातल्या रोगी झाडांचा वास माव्याला अधिक खेचून घेतो. पण झाडाची चव बिघडलेली असल्यानं मावा तिथे टिकत नाही, लगेच उडून जातो. बोलवायचं, हातात पुडी द्यायची आणि हाकलायचं. ज्याला धड जिवंत म्हणावं की नाही यावर शास्त्रज्ञ वाद घालतात, त्याची ही व्यवस्था!

मग शेतकऱ्यानं करायचं काय? माझ्या मते इथे एक जुना आकडा सगळ्यांत मोलाचा आहे. १९७४ साली शास्त्री आणि सिंग यांनी भेंडीतलं नुकसान लागणीच्या दिवसाशी ताडून पाहिलं. अगदी कोवळेपणी हळद्या लागला तर ९४ टक्के उत्पन्न जातं, पन्नासाव्या दिवशी लागला तर ८४, आणि पासष्टाव्या दिवशी लागला तर ४९. रोग तोच, माशी तीच. फरक फक्त दिवसांचा. हळद्याला हरवायची भाषा सोडून त्याला लांबवायची भाषा धरली, की करण्यासारखं पुष्कळ सापडतं. बियाण्याला प्रक्रिया, सुरुवातीच्या वीस दिवसांत माशीवर कडक नजर, पिवळे चिकट सापळे, कडेनं मका, पहिलं पिवळं झाड दिसताच उपटून पुरणं, बांधावरचं तण काढणं. आणि शेजाऱ्याशी बोलणं, जे भावाला सगळ्यांत जड गेलं, कारण बांधावरून दोघांत आधीचीच धुसफूस होती. शेवटी त्याची आई शेजारच्या काकूंकडे गेली आणि पुढच्या हंगामाआधी तो जुना प्लॉट नांगरला गेला. त्या वर्षी हळद्या आलाच. पण तोडे सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर आला. तोवर बियाण्याचे, मजुरीचे आणि दुकानदाराच्या मागच्या बाकीचे पैसे निघाले होते. फवारण्या दोन.

दिवस लांबवण्याचा आणखी एक मार्ग बियाण्यातून जातो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीहून आलेली ‘पुसा सावनी’ भेंडी हळद्याला दाद देत नसे. काही वर्षांत देऊ लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर करून १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ काढली. गावोगावच्या बायकांनी तिचं बी डब्यात जपून ठेवलं, शेजारणींना वाटलं. पुढे तीही ठिकठिकाणी पिवळी दिसू लागली. विषाणू एका जागी थांबत नाही. २००३ साली मदुराईच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की हळद्या हा एकट्या विषाणूचा उद्योग नाही. त्याच्याबरोबर त्याच्या निम्म्या आकाराचा एक उपग्रह रेणू फिरतो आणि तो असल्याशिवाय शिरा तशा पिवळ्या होत नाहीत. अशा जोड्या जमतात, मोडतात, नव्यानं जमतात. म्हणून शोध पुन्हा रानटी भेंड्यांतच सुरू आहे. त्यांतल्या एकीनं परभणी क्रांतीला बळ दिलं. आणि तिच्याच कुळातली दुसरी एक अशी, की बांधावर दिसली तर उपटून टाकायची, कारण भेंडीचा हंगाम संपला की हळद्याचा विषाणू तिच्या अंगावर मुक्काम करतो, हे वर्मा आणि कपूर यांनीच लिहून ठेवलं आहे.