नवे मूत्राशय आणि रात्रीचा गजर
झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मूत्राशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी हा काळ विशेष काळजीचा असतो. अंथरूण ओले होण्याच्या भीतीने काही जण पाणीच तोडतात. ते धोक्याचे आहे.

कर्करोगामुळे मूत्राशय काढल्यावर काही रुग्णांना लहान आतड्याच्या भागापासून नवे मूत्राशय तयार करून दिले जाते. ते भरल्याची पूर्वीसारखी जाणीव मेंदूला होत नाही. त्यातच झोपेत मूत्रमार्ग आवळणारे स्नायू सैल पडतात. म्हणून सुरुवातीला दिवसा ठरावीक वेळी लघवीला जावे लागते आणि रात्री दर दोन-तीन तासांनी गजर लावून उठावे लागते.

दिवसाचे नियंत्रण बहुधा काही महिन्यांत येते. रात्रीच्या नियंत्रणास वर्ष किंवा अधिक काळ लागतो. कटितळाच्या स्नायूंच्या व्यायामाने मदत होते.

आतड्याच्या मूत्राशयामुळे शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडू शकते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसा पुरेसे पाणी प्यावे, झोपण्यापूर्वी मात्र कमी करावे. ताप आल्यास किंवा लघवी अडल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. रात्रीची गळती म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे. ती डॉक्टरांपासून लपवू नये.