रस्ता कोणाच्या खात्यावर?

माल पेढीवर येतो तो रस्त्याने आणि गिऱ्हाईकही त्याच वाटेने येते. म्हणून रस्ता कोणाच्या खात्यावर मांडला आहे, हे प्रत्येक व्यापाऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांकरिता राखावा, अशी शिफारस केली. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. पुढे १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी लावली. जशी प्रत, तशी तिजोरी! आपल्या इंदूरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यास राष्ट्रीय महामार्गाचा मान लाभला. अन्नपूर्णा परिसरातील आतल्या गल्ल्यांना मात्र मुख्यत्वे महापालिकेच्याच तोंडाकडे पाहावे लागते.

त्या तिजोरीत आपलाच कर जमा होतो. असे असता सकाळी दुकान उघडताच आपण स्वतःची मोटार दारात उभी करतो आणि जागेअभावी गिऱ्हाईक पुढे निघून जाते. हा तोटा कोणत्या वहीत मांडावा?

सराफ्याकडे पाहा. दिवसा पेढ्या चालतात. रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. एकच जागा पाळीपाळीने दोघांस पोसते.

वाहनतळाचे नियम ठरविताना महापालिकेने व्यापाऱ्यांस विचारावे, ही मागणी रास्तच होय. परंतु प्रथम आपली वाहने दूर ठेवून दारातील जागा गिऱ्हाइकास मोकळी करू या. म्हणजे आपल्या शब्दास वजन येईल.