पंपाला दाब कमी का मिळतो? वीजवाहिन्यांची आखणी कशी होते?



रब्बीचा गहू-हरभरा पाण्याला आला की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. वीज येते, पण तिच्यात जीव नसतो. मोटार नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही, तापते आणि एके दिवशी जळते. रिवाइंडिंग होऊन येईपर्यंत गव्हाची एक पाळी चुकलेली असते. अशा वेळी आपण डीपीकडे बोट दाखवतो. दोष कधी डीपीत असतोही. पण पुष्कळदा तो तिथून कित्येक मैल मागे असतो, आणि थोडासा आपल्याच अर्जाच्या कागदात असतो. तो कसा, ते पाहू.

आधी वीज येते कुठून ते लक्षात घ्या. चंद्रपूरला ती कोळशावर तयार होते, कोयनेला पाण्यावर. कोळसा विदर्भात, आणि मोठी मागणी मुंबई-पुण्याकडे. म्हणजे वीज शेकडो किलोमीटर वाहून न्यावी लागते. पाटाचे पाणी जसे वाटेत पाझरते, तशी वीजही तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मात्र दाब वाढवला की तेवढीच वीज कमी प्रवाहाने नेता येते. दाब दहापट केला तर प्रवाह एक दशांश होतो आणि त्याच तारेतली गळती शंभरावा हिस्सा उरते. म्हणून दूरच्या लाईनी ४०० केव्ही किंवा ७६५ केव्हीच्या असतात. (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट.) चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातले पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची लाईन १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यातून तर बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह ५०० केव्ही दाबाने जातो.

पुढे हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात. २२० केव्ही, १३२ केव्ही, मग तालुक्याकडे ३३ केव्ही, गावाकडे ११ केव्ही, आणि शेवटी डीपीवरून आपल्या मोटारीला ४१५ व्होल्ट. मोठ्या लाईनींचे काम पूर्वी राज्य वीज मंडळाकडे होते. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले, तेव्हापासून ते महापारेषणकडे आहे. ३३ केव्ही आणि त्याखालचे जाळे महावितरणकडे.

आता मुख्य मुद्दा. नवे सबस्टेशन कुठे, केवढे, कधी, हे इंजिनिअर ठरवतात ते सरासरीवर नव्हे, तर वर्षातल्या सर्वांत जड तासावर. पाऊस चांगला झाला तर भर आषाढात पंप बंदच असतात, पण रब्बीत सगळे एकदम पाण्यावर. त्या तासाला किती भार पडेल, पाच-दहा वर्षांनी किती पडेल, याचा अंदाज बांधून आराखडा होतो. शेतीच्या वाहिन्यांना दिवसपाळी-रात्रपाळी लावण्यामागे हेही एक कारण आहे, की सगळा भार एका तासावर येऊ नये. रात्री विंचू-सापांत पाणी धरणाऱ्याला हे कारण पटणार नाही, आणि त्याचे चूकही नाही. पण कारण आहे ते असे.

हा अंदाज मुख्यतः नोंदलेल्या भारावर आणि सबस्टेशनच्या मीटरवर बांधतात. इथेच घोळ होतो. पाच हॉर्सपॉवरचा पंप साधारण साडेपाच केव्हीए घेतो. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर असे अठरा पंप जेमतेम बसतात. कागदावर अठराच आहेत, सारे पाचचे. प्रत्यक्षात पाणी खोल गेले म्हणून प्रत्येकाने साडेसातची मोटार टाकलेली, तर भार दीडशेच्या घरात जातो. शिवाय तीन-चार आकडे. डीपी जळते, लाईनच्या टोकाला दाब पडतो. दाब पडला की मोटार तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते, त्याने दाब आणखी पडतो. ही साखळी एकदा सुरू झाली की तोटा शेपटीकडच्या शेतकऱ्याचा, मग त्याने स्वतः काही चोरले असो वा नसो. सबस्टेशनच्या मीटरला जादा भार दिसतो खरा. पण तो कोणत्या शिवारात, किती आणि कायमचा की चोरीचा, हे त्याला सांगता येत नाही. ज्या भागाची नोंद कमी, त्या भागाची मागणी यादीत मागे पडते.

तेव्हा मोटार मोठी टाकली असेल तर वाढीव भाराचा अर्ज करा. पैसे भरावे लागतील, हे खरे. पण नुसती जादा डीपी मागून भागत नाही. चारीलाच पाणी नसेल तर तिच्यावर आणखी एक दार काढून काय होणार? नवे ३३ केव्ही सबस्टेशन, त्याला वरून लाईन, जागा, मंजुरी, ठेका, या सगळ्याला काही वर्षे सहज जातात. म्हणून आज नोंदलेला भार ही पुढच्या काही वर्षांची सोय आहे.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पाच हॉर्सपॉवरला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा, म्हणजे प्रवाह कमी लागेल. आणि ऑटोस्विच काढून टाका. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. वीज येताच अठरा मोटारी एकदम उठल्या की डीपीचे काय होत असेल, विचार करा.

जाळे आखताना आणखी एक नियम पाळतात. एक लाईन अचानक बंद पडली तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. २०१२ च्या जुलैत काही लाईनी आधीच बंद असताना बीना-ग्वाल्हेर लाईन तुटली. ३० तारखेला उत्तर भारत अंधारात गेला, ३१ला पूर्व आणि ईशान्यही. आपला पश्चिमेचा भाग बहुतांशी वाचला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि सारा देश एका जाळ्यात आला.

जाळे वाढवण्याला एक पर्यायही आहे, वीज गावाजवळच तयार करणे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये निघाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, अशी ही सोय. दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढीने, असा दर ठरला. मुरमाड, पडीक जमीन असेल तर जरूर चौकशी करावी. ढगाळ दिवशी मात्र वीज मागूनच आणावी लागते, तेव्हा मोठ्या लाईनी सुटत नाहीत.

आणि मोठी लाईन म्हटली की कुणाच्या तरी शेतात मनोरा आला. २२० केव्हीच्या लाईनखाली साधारण ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवतात. त्यात पीक घेता येते, उंच झाडे लावता येत नाहीत. उसाचे पाचट तारेखाली पेटवू नका, धुराने वीज खाली उतरू शकते. स्प्रिंकलरचा पाईप तिथे कधीच उभा धरू नका. मनोऱ्याची जमीन आपल्या नावावरच राहते, पण तिचा मोबदला मिळतो. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या दुप्पट, आणि ग्रामीण भागात तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के रक्कम सांगितली आहे. राज्याचा लागू शासन निर्णय कोणता, ते तहसील कार्यालयात विचारा. उभ्या पिकाची व झाडांची भरपाई वेगळी. काम सुरू होण्याआधी झाडे मोजून घ्या, पीक कोणते व किती क्षेत्रावर ते पंचनाम्यात लिहून घ्या, आणि नक्कल त्याच दिवशी मागा.